डोकेदुखी, जबड्याचे दुखणे आणि ऑस्टिओपॅथी

डोके दुखू लागले की आपला हात आधी कपाळाकडे जातो, मग बामच्या बाटलीकडे आणि शेवटी गोळीच्या पाकिटाकडे. कानाच्या अगदी पुढे असलेल्या जबड्याच्या सांध्याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सकाळी उठल्यावर कानशिले जड वाटणे, भाकरी चावताना गाल भरून येणे, जांभई देताना कानाजवळ 'कट्' असा आवाज होणे या तक्रारी आणि दुपारपर्यंत वाढत जाणारी डोकेदुखी यांचा परस्परांशी निकटचा संबंध असू शकतो.

हा संबंध लक्षात न आल्यामुळे अनेक रुग्णांची भ्रमंती सुरू होते. दंतवैद्य दात चांगले असल्याचे सांगतात, कानाचे डॉक्टर कान स्वच्छ असल्याचे सांगतात, चष्म्याचा नंबरही बदललेला नसतो. दुखणे मात्र तसेच राहते. अशा वेळी कुणीतरी ऑस्टिओपॅथीचे नाव सुचवते. केवळ हातांनी, औषधाविना केला जाणारा हा उपचार आता आपल्या मोठ्या शहरांतही उपलब्ध होऊ लागला आहे. तो नेमका काय आहे, कोणत्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो आणि कोणत्या दुखण्यात त्याच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

जबडा आणि डोके यांचे नाते

खालच्या जबड्याची दोन्ही टोके कानांपुढे, कवटीच्या शंखास्थीतील खोबणीत बसलेली असतात. हाड आणि खोबणी यांच्यामध्ये कूर्चेसारखी एक चकती असते. तोंड उघडताना हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि नंतर पुढे घसरतो. दोन्ही बाजूंच्या सांध्यांना हे काम एकाच वेळी, एका लयीत करावे लागते. चकती जागेवरून किंचित सरकली, की 'कट्' असा आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचाराची गरज नसते.

चावण्याचे काम करणाऱ्या स्नायूंच्या चार मुख्य जोड्या आहेत. गालातील 'मॅसेटर' हा त्यांतील अतिशय बलवान स्नायू. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला तो 'टेम्पोरॅलिस'. उरलेल्या दोन 'टेरिगॉइड' जोड्या जबड्याच्या आतल्या बाजूस असतात. दोन्ही कानशिलांवर बोटे ठेवून दात घट्ट आवळून पाहा, बोटांखाली स्नायू फुगलेला जाणवेल. ज्याला आपण 'डोके दुखणे' म्हणतो, ते पुष्कळदा याच स्नायूचे दुखणे असते.

दुसरा दुवा मज्जातंतूंचा. चेहरा, दात आणि जबडा यांच्या संवेदना 'ट्रायजेमिनल' या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या संवेदनाही जवळपास त्याच केंद्रात येऊन मिळतात. एकाच फलाटावर दोन दिशांच्या गाड्या याव्यात आणि प्रवासी कुठून आले ते कळू नये, तशी मेंदूची गफलत होते. मानेतील ताण कपाळात जाणवतो आणि जबड्याचे दुखणे कानात. कान पूर्णपणे निरोगी असूनही 'कान दुखतो' अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण म्हणूनच कमी नाहीत.

या दुखण्याला सामान्यतः जबड्याच्या सांध्याचा विकार म्हणतात. तो स्त्रियांमध्ये अधिक, आणि विशेषतः तरुण व मध्यम वयात आढळतो. झोपेत दात खाणे, मानसिक ताणात नकळत दात आवळून धरणे, फोन खांदा आणि कान यांच्यात धरून तासन्‌तास बोलणे, सतत सुपारी वा च्युइंगम चघळणे, दातांच्या दीर्घ उपचारात बराच वेळ तोंड उघडे ठेवावे लागणे, अपघातात हनुवटीला मार लागणे ही त्याची नेहमीची निमित्ते होत. दिलासा देणारी गोष्ट अशी, की बहुसंख्य रुग्णांचा त्रास साध्या काळजीने कालांतराने कमी होतो.

दोरीचा झोपाळा

ऑस्टिओपॅथीच्या जन्मकथेतही डोकेदुखी आहे. तिचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात झाला. लहानपणी एकदा डोके फार दुखत असताना त्यांनी दोन झाडांमध्ये बांधलेली झोपाळ्याची दोरी जमिनीलगत उतरवली, तिच्यावर कांबळे टाकले आणि मान त्यावर टेकवून ते आडवे झाले. तशीच झोप लागली आणि जागे झाल्यावर डोके दुखायचे थांबले होते. हा प्रसंग त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितला आहे.

पुढे स्टिल वैद्यकी करू लागले. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. त्या काळातील औषधे, विशेषतः पाऱ्याचे क्षार, रुग्णाला बरे करण्याऐवजी अधिक खंगवतात असे त्यांचे मत होत गेले. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत जाहीर केली. शरीराची रचना आणि तिचे कार्य परस्परावलंबी आहेत, हाडे, सांधे व स्नायू यांतील अडथळे दूर केले की रक्ताभिसरण सुधारते आणि शरीर स्वतःला सावरते, हा तिचा गाभा होता. १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी पहिले विद्यालय काढले आणि पहिल्याच वर्गात स्त्रियांनाही प्रवेश दिला. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर या पद्धतीला दोन वेगळी वळणे मिळाली. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर आज पूर्ण अधिकाराचे डॉक्टर असतात. ते औषधे लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात आणि त्यांपैकी अनेकजण हस्तोपचार क्वचितच वापरतात. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा मुख्यतः हस्तोपचार करणारा व्यावसायिक आहे. तेथे १९९३ च्या कायद्यान्वये नियामक परिषद स्थापन झाली असून नोंदणीशिवाय कुणालाही ही उपाधी लावता येत नाही. म्हणजे 'ऑस्टिओपॅथ' या एकाच शब्दामागे देशागणिक वेगवेगळे शिक्षण असते, ही बाब रुग्णाने ध्यानात ठेवावी.

उपचार कसा केला जातो?

चांगला ऑस्टिओपॅथ पहिल्या भेटीत बराच वेळ प्रश्न विचारण्यात घालवतो. दुखणे केव्हा सुरू झाले, सकाळी अधिक असते की संध्याकाळी, गोळ्या किती घेता, अपघात झाला होता का, झोप कशी लागते, याची तो चौकशी करतो. त्यानंतर उभे राहण्याची व बसण्याची ढब, मानेची हालचाल, तोंड किती उघडते आणि उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, हे पाहिले जाते.

प्रत्यक्ष उपचारात काही ठरावीक तंत्रे असतात. कवटीच्या तळाशी, मान जेथे डोक्याला मिळते तेथे बोटांनी हलका दाब देऊन तो काही वेळ धरून ठेवणे, हे डोकेदुखीतील नेहमीचे तंत्र. स्टिल यांच्या दोरीने अजाणता जे केले, त्याचीच ही सुधारित आवृत्ती म्हणता येईल. गालातील व कानशिलातील स्नायू ताणून सैल केले जातात. आतल्या टेरिगॉइड स्नायूपर्यंत पोहोचण्यासाठी हातमोजा घालून बोट तोंडात घातले जाते. हे थोडे दुखते आणि रुग्णाच्या संमतीनेच करायचे असते. आणखी एका तंत्रात चिकित्सक हनुवटीला हाताने विरोध करतो आणि रुग्ण हलक्या जोराने तोंड उघडण्याचा प्रयत्न करतो. काही सेकंदांच्या अशा प्रयत्नानंतर स्नायू शिथिल होतो आणि जबडा थोडा अधिक उघडतो.

जबड्यासाठी आलेल्या रुग्णाची मान, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि श्वासाची लयही तपासली जाते. संगणकापुढे हनुवटी पुढे काढून बसणाऱ्याच्या मानेचे स्नायू दिवसभर ताणलेले असतात आणि जबड्यावरही त्याचा भार येऊ शकतो, हा त्यामागील विचार. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे किंवा थकवा येणे स्वाभाविक मानले जाते.

कवटीच्या हाडांचा वाद

स्टिल यांचे शिष्य विल्यम सदरलँड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीची एक वेगळी शाखा विकसित केली आणि १९३९ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कवटीची हाडे एका सूक्ष्म लयीत हलतात, ही लय कुशल हातांना जाणवते आणि बिघडल्यास ती हलक्या स्पर्शाने पूर्ववत करता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डोकेदुखीच्या रुग्णांना आजही हा 'क्रेनियल' उपचार मोठ्या प्रमाणावर सुचवला जातो.

हे प्रतिपादन मात्र कसोटीला उतरलेले नाही. एकाच रुग्णाला दोन चिकित्सकांनी तपासले, तर त्यांना जाणवलेली लय परस्परांशी जुळत नाही, असे अनेक चाचण्यांत दिसून आले. २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही या तपासणीची विश्वासार्हता आणि उपचाराची परिणामकारकता या दोहोंबाबत भक्कम पुरावा नसल्याचा निष्कर्ष निघाला. शांत खोलीत, मायेच्या स्पर्शाखाली अर्धा तास पडून राहिल्याने रुग्णाला बरे वाटते, यात शंका नाही. पण त्याचे कारण कवटीच्या हाडांची हालचाल हेच आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

संशोधन काय सांगते?

जबडा आणि मान यांच्या स्नायूंवरील प्रत्यक्ष हस्तोपचारांची स्थिती याहून बरी आहे. इटलीत ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका गटाला ऑस्टिओपॅथी, तर दुसऱ्याला दातांवर बसवायची पट्टी, व्यायाम आदी प्रचलित उपचार देण्यात आले. दोन्ही गटांना आराम पडला. ऑस्टिओपॅथी घेतलेल्या गटाला वेदनाशामक आणि स्नायू शिथिल करणाऱ्या गोळ्या मात्र कमी लागल्या.

मायग्रेनबाबत २०१५ मधील एका इटालियन चाचणीचा उल्लेख करावा लागेल. जुनाट मायग्रेनच्या १०५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एकाला औषधांबरोबर ऑस्टिओपॅथी, दुसऱ्याला औषधांबरोबर उपचाराचा केवळ आभास आणि तिसऱ्याला फक्त औषधे देण्यात आली. पहिल्या गटातील रुग्णांचे दुखण्याचे दिवस आणि औषधांचा वापर घटला. निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी इतक्या थोड्या रुग्णांवरून मायग्रेनवर रामबाण उपाय सापडला असे म्हणता येणार नाही.

सर्वांत उपयुक्त मार्गदर्शन मिळते ते 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या शिफारशींतून. जबड्याच्या जुनाट दुखण्यावरील अनेक उपचारांची तुलना करून तज्ज्ञांच्या समितीने काही उपायांची ठाम शिफारस केली. विचार व वर्तन यांवर काम करणारे मानसोपचार, चिकित्सकाने हाताने करावयाची जबड्याची हालचाल, स्नायूंतील दुखऱ्या गाठींवरील हस्तोपचार, देखरेखीखालील जबड्याचे व शरीरस्थितीचे व्यायाम, तसेच रुग्णाला दिलेली नीट माहिती आणि धीर यांचा त्यात समावेश होतो. याउलट दातांवरील न परतवता येणारे उपचार आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांविरुद्ध समितीने ठाम मत नोंदवले.

याचा अर्थ असा, की जबड्यासाठी हस्तोपचारांना निश्चित स्थान आहे. पण ते तंत्र ऑस्टिओपॅथचीच मक्तेदारी नाही. जबड्याच्या विकारांचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्टही हेच काम करतो. पाटी कोणती यापेक्षा हातांचे शिक्षण आणि निदानाची अचूकता अधिक मोलाची.

उपचारापूर्वी निदान

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. हातांनी बरे होणारे दुखणे आणि हातांनी लपून राहणारा आजार, या दोहोंची सुरुवात एकसारखी असू शकते. पुढील लक्षणे असल्यास मालिश, ऑस्टिओपॅथी किंवा व्यायाम यांपैकी कशाचाही विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे :

- आयुष्यात कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी एकाएकी उद्भवणे. डोकेदुखीसोबत ताप व मान ताठ होणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, एकाची दोन दिसणे किंवा शुद्ध हरपणे.

- वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली कानशिलातील डोकेदुखी, केस विंचरताना दुखणे आणि चार घास चावताच जबडा थकून येणे. रक्तवाहिन्यांच्या दाहाची ही लक्षणे असू शकतात. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो.

- चालताना वा जिना चढताना जबडा दुखणे आणि थांबल्यावर बरे वाटणे. किंवा जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप. हे दुखणे हृदयाचे असू शकते.

- तोंड धुताना, दात घासताना किंवा वाऱ्याच्या झुळकेनेही चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी क्षणिक, असह्य कळ येणे. हा ट्रायजेमिनल मज्जातंतूचा विकार असू शकतो आणि त्यावर वेगळी, परिणामकारक औषधे आहेत.

- गाल किंवा हनुवटीखाली सूज, ताप, अक्कलदाढेजवळ पू. अथवा जखमेनंतर जबडा आवळत जाणे. शेवटचे लक्षण धनुर्वाताचे असू शकते.

महाराष्ट्रात यात आणखी एका कारणाची भर घालावी लागते. सुपारी, गुटखा, मावा वा खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडातील अस्तर हळूहळू पांढुरके, ताठर होत जाते. आधी तिखट झोंबू लागते आणि मग तोंड कमी उघडू लागते. ही कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी व तंबाखू एकत्र करून खाण्याची सवय गेलेली नाही. अशा रुग्णाला 'जबडा आखडला आहे' असे समजून महिनोन्‌महिने मालिश करत राहणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावतात का, हे पाहावे. मावत नसतील, किंवा तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर आधी दंतवैद्याकडून तोंडाची तपासणी करून घ्यावी.

गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी हेही एक दुर्लक्षित निदान आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यास त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण बनू शकतात. संमिश्र गोळ्या आणि मायग्रेनच्या खास 'ट्रिप्टान' गोळ्यांबाबत ही मर्यादा १० दिवसांची आहे. हे चक्र वैद्यकीय सल्ल्यानेच तोडावे लागते.

मान 'मोडून' घेऊ नका

केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून चंपी आणि शेवटी मानेला दोन झटके, ही आपल्याकडील जुनी हौस. 'कडकड' आवाज झाला की डोके हलके झाल्यासारखे वाटते. परंतु मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. जोरदार झटक्याशी संबंधित धमनीचा आतला पापुद्रा फाटण्याच्या आणि त्यातून पक्षाघात होण्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदवलेल्या आहेत. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा नुकसान भरून येत नाही. प्रशिक्षित चिकित्सकांच्या हातूनही ही जोखीम शून्य होत नाही. डोकेदुखी व जबडा यांसाठी सौम्य तंत्रे उपलब्ध असताना मानेच्या झटक्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. रुग्णाने तसे आधीच स्पष्ट सांगावे. मानेत नव्याने, एकाच बाजूला तीव्र दुखत असेल आणि चक्कर येत असेल, तर मानेला हातच लावू देऊ नये. धमनीच्या इजेची सुरुवातही अशीच होते.

घरच्या घरी

कोणताही उपचार घेतला, तरी दिवसातील उरलेले तास रुग्णाच्याच हाती असतात. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित सुटे आणि जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. खाणे व गिळणे सोडले, तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकण्याचे काहीच कारण नसते. संगणकाच्या कडेला एखादा रंगीत ठिपका चिकटवावा आणि तो दिसला की 'दात सुटे आहेत ना?' असे स्वतःला विचारावे.

दुखणे असेल तेव्हा काही दिवस मऊ भात, खिचडी, शिजवलेल्या भाज्या असा आहार घ्यावा. चिक्की, ऊस, सुपारी, च्युइंगम टाळावे. फळ मोठा चावा घेऊन खाण्याऐवजी फोडी करून खावे. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे ओलसर, सोसवेल असा शेक द्यावा. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. ताण आणि अपुरी झोप यांकडे दुर्लक्ष करून जबडा मोकळा होत नाही, हेही तितकेच खरे.

चिकित्सक निवडताना

शिक्षण कोठे व किती वर्षांचे झाले, हे विचारण्यात संकोच नसावा. आपल्या देशात ओडिशातील श्री श्री विद्यापीठासारख्या ठिकाणी ऑस्टिओपॅथीचे पदवी शिक्षण दिले जाते, तर काही फिजिओथेरपिस्टांनी परदेशी संस्थांचे अभ्यासक्रम पूर्ण केलेले असतात. आठवड्याच्या शेवटी भरणाऱ्या छोट्या शिबिरातील प्रमाणपत्र आणि काही वर्षांचे शिक्षण यांत अंतर आहे. चालू औषधे बंद करायला सांगणारा, दहा-वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा किंवा 'मायग्रेन मुळापासून घालवतो' अशी हमी देणारा चिकित्सक टाळावा. तीन-चार बैठकांत काहीच फरक पडला नाही, तर पुढची बैठक ठरवण्याऐवजी निदानाचा फेरविचार करावा.

स्नायूंचा ताण, मानेचा आखडलेपणा आणि जबड्याचे साधे दुखणे यांत जाणत्या हातांचा उपयोग होतो. मायग्रेनमध्ये ते औषधांना साथ देऊ शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांत त्यांनी रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवणे, हाच योग्य उपचार ठरतो. कधी हात लावायचा नाही हे ज्याला कळते, त्याच्या हाती डोके सोपवावे.